कुमुदचा गुडघा आणि तिसरी सुरी

कामोठे,
रविवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप कमळाकरदादा आणि सौ. वहिनी यांना,

बाळूचा कामोठ्याहून वाकून नमस्कार. (वाकायची सोय सध्या आमच्या घरात फक्त माझ्याकडे असल्यामुळे तुमच्या बहिणीच्या, कुमुदच्या वाटचाही मीच केला आहे. कृपया दोन धरावेत.) तुमचा रक्तदाब वहिनींच्या धाकात असेलच. वहिनींची कंबर कशी आहे? रेवदंड्याला थंडी पडली का? इकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एका आकड्याने कमी करायचा, एवढीच. विमानतळ सुरू झाल्यापासून डोक्यावरून विमानं जातात आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ प्रत्येक विमान कुठे निघालं ते गॅलरीत उभे राहून जाहीर करतात. चूक काढायला विमानातून कोणी खाली येत नाही, त्यामुळे त्यांचं छान चाललं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दादा, रागावू नका, पण तुम्ही आयुष्यभर बोटीच्या इंजिनरूममध्ये बोललात. तुमचा फोन मी कानाला कितीही घट्ट लावला तरी तुमचं बोलणं कुमुदला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि शेजारच्यांना त्यांच्या स्वयंपाकघरात. आणि मला जे सांगायचं आहे ते दोन्ही स्वयंपाकघरांपासून लपवून सांगायचं आहे. शिवाय प्रकरण तुमच्याच सल्ल्यावरून सुरू झालं असल्यामुळे तुम्हाला साद्यंत हकिकत कळणं हा तुमचा हक्क आहे. (शिक्षाही म्हणता येईल.)

कुमुदचा गुडघा बदलला तेव्हा तुम्ही येऊन गेलातच. गुडघा उत्तम आहे. जिने चढते, बाजारात जाते, माझ्यापुढे चालते. पण डॉक्टरांनी खाली बसायला कायमची बंदी केली. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही. घरी आल्यावर दोन दिवस तिला त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मी हौसेने बांगडे आणले आणि तिने सवयीने ओट्याखालून विळी ओढली, आणि मग विळीकडे नुसती बघत उभी राहिली. तुमच्या आईने लग्नात दिलेली ती विळी. या घरात आजवर जो मासा शिजला तो त्या विळीवरून गेला. बाजारातून कापून आणलेला मासा कुमुदला चालत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच घरचं वळण आहे ते. बाहेरचे लोक तुकड्या जाड करतात, डोक्याला मांस सोडतात, अंड्यांची गाबोळी फोडतात आणि पोट नीट धूत नाहीत, असे तिचे चार आरोप आहेत आणि चारही आरोपांवर तिने आजवर कुणाची बाजू ऐकून घेतलेली नाही.

आता तुमच्या मनात आलंच असेल, की विळी ओट्यावर ठेवायची. ठेवली. विळीवर पाय नसला की ती विळी राहत नाही, दादा. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ती बांगड्यासकट सिंकपर्यंत गेली. मग ओट्याला स्क्रूने आवळायची विळी मिळते ती आणली. पण आमच्या बिल्डरने ओट्याची कड शोभेसाठी अशी गोल आणि जाड करून ठेवली आहे, की तिला कुठलाच स्क्रू धरत नाही. सुताराला बोलावलं तर तो ओटा बघून हसला आणि चहा पिऊन गेला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये आमचे चिरंजीव आहेत. शार्दूलचं म्हणणं, आता तुम्ही दोघं पुण्याला या. बाणेरला त्याच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर फ्लॅट रिकामा होतो आहे, कामोठ्याचा विकून टाकू. मुलगा गुणी आहे, सूनबाई प्रांजल तर त्याच्याहून गुणी आहे (आईला औषधांची आठवण करायला ती रोज फोन करते, चिरंजीव रोज विसरतात), त्यामुळे नाही म्हणायला तोंड नाही. पण दादा, मला जायचं नाही. तुमच्यापाशी मोकळं बोलतो. इथे सकाळी फिरायला जायची माणसं ठरलेली आहेत, भांडायची ठरलेली आहेत, आणि उरणची मासळी सकाळी उतरली की दुपारी माझ्या ताटात असते. पुण्याला मासा येतो तो थर्माकोलच्या डब्यात, आणि पोचतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अख्खा एक्स्प्रेसवे दिसतो. तिकडे प्रांजल घरपोच मागवते ते मासे की साबणाच्या वड्या हे मला चव घेऊनही नीटसं कळलेलं नाही. मी हे सगळं पोटात ठेवून होतो. कुमुदच्या भरवशावर होतो म्हणा ना. आणि एके दिवशी तिनेच शार्दूलला फोनवर सांगितलं, की माझ्या हाताने मासा साफ करता येईनासा झाला की आम्ही येऊ. तो म्हणाला, मग आई, आता तसंच झालंय ना? त्यावर तिने कुकर बघायचा म्हणून फोन ठेवला.

त्याच रात्री मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही गर्जून म्हणालात की विळी-बिळी सोडा, एक चांगली फिले नाइफ घ्या, नॉर्वेच्या बंदरात बायका उभ्या राहून दिवसाला होडीभर मासे साफ करतात. ती गर्जना कुमुदने ऐकलीच होती. म्हणाली, दादा म्हणतोय तर बघा. झालं. मी कामाला लागलो.

पहिली सुरी आमच्या सेक्टरमधल्या भांडीवाल्या उदयसिंहकडून घेतली. माणूस तोंडाने गोड आणि पोटाने पक्का शाकाहारी, मासा या प्राण्याशी त्याचा संबंध मत्स्यजयंतीपुरता. पण विकायचं म्हटल्यावर मागे हटणारा नाही. त्याने एक लांबलचक सुरी काढली, घरातून काकडी मागवली आणि म्हणाला, “देखो काका, समजा ही तुमची मछली.” काकडीच्या त्याने इतक्या सुंदर चकत्या केल्या की मी भारावून सुरी घेतली. घरी आल्यावर कळलं की काकडीला पाठीचा कणा नसतो. सुरीचं पातं पहारेसारखं ताठ, बांगड्याच्या पोटात शिरलं ते पाठीतून बाहेर आलं. कुमुदने ती कलिंगडासाठी बाजूला ठेवली. (कलिंगडाचा हंगाम यायचा आहे. तोवर ती फळीवर पडून आहे आणि मला बघून काही बोलत नाही, एवढे तिचे उपकार.)

मग मी ठरवलं की अभ्यास केल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. दादा, फिले नाइफ या विषयावर जगात इतके लोक इतकं बोलतात हे मला माहीत नव्हतं. पातं लवचीक हवं, म्हणजे काट्याला बिलगून वळतं. लांबी मासा बघून. टोक किंचित वर वळलेलं हवं. पातं मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं हवं, नाहीतर जोर लावला की मूठ आपल्याकडे आणि पातं माशाकडे. मूठ अशी, की हात ओला असो, तेलकट असो, खवल्यांनी भरलेला असो, निसटता कामा नये. हे सगळं मी सकाळी फिरताना इतरांना समजावून सांगू लागलो, तेव्हापासून ती मंडळी थोडी लवकर निघायला लागली आहेत. शेवटी ऑनलाइन एक मागवली. काय रूप होतं तिचं. आंब्याच्या पानासारखी निमुळती, बोटाने दाबली तर वाकायची, सोडली तर सरळ. खोक्यावरच्या चित्रात एक गोरा गृहस्थ आपल्या शार्दूलएवढा मासा कुशीत घेऊन हसत होता. तिथेच मला शंका यायला हवी होती. कारण आपण खातो बांगडे, मांदेली आणि बोंबील. बोंबलाला लवचीक सुरी लावायची म्हणजे दोघांपैकी कोण जास्त वाकतं याची स्पर्धा.

तरी बांगड्यावर मी स्वतः प्रयोग केला. व्हिडिओ समोर ठेवून, थांबवत थांबवत. अर्ध्या तासाने ताटलीत दोन अत्यंत पातळ पापुद्रे आणि एक गलेलठ्ठ काटा एवढं जमा झालं. कुमुदने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, यातलं फेकायचं काय आहे? मग तिने तो काटाच मसाला लावून तळला आणि आम्ही तो खाल्ला. छान लागला. पापुद्रे तव्यावरच विरघळले.

मधल्या काळात मी नाक्यावरच्या शशिकलालाही विचारून पाहिलं. आमची नेहमीची मासेवाली, उरणहून येते. तिला म्हटलं, तुमच्याकडे घरी कुठली सुरी वापरता? ती पाटीवरचं फडकं झाडत म्हणाली, “सुरी? आमी कोयत्यावर, म्हंजे तुमच्या इळीवर, बसून कापतो. तुमच्या बाईंनी येवढ्या वर्सांत माज्या हातचा कापलेला मासा कंदी न्हेला नाय, आन आता दुकानांतल्या सुऱ्या इचारत फिरता. द्या हिकडं, मी करून देते, नायतर नका घेऊ.” ती मनापासून रागावलेली होती. मी भीतीपोटी अर्धा किलो कोलंबी जास्त घेऊन घरी आलो आणि कुमुदला त्यातलं फक्त कोलंबीचं सांगितलं.

तिसरी सुरी मी पळस्प्याला जाऊन आणली. तिथे हायवेच्या ढाब्यांना भांडी-सुऱ्या पुरवणारं एक दुकान आहे. या वेळी फसायचं नाही म्हणून खोबरेल तेलाची बाटली बरोबर नेली होती. तळहाताला तेल चोळायचं आणि एकेक सुरी मुठीत धरून बघायची, निसटते का. पाच-सहा सुऱ्या अशा चोपडून झाल्यावर मालकाने गल्ल्यावरून उठून मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि घरी कुणाला फोन करायचा आहे का म्हणून विचारलं. पण सुरी मिळाली, दादा. वीतभर पातं, धड ताठ नाही, धड लवचीक नाही, आपल्या मध्यम माशाला साजेसं. मूठ रबराची आणि खरखरीत, तेलकट हातातही घट्ट बसणारी. परत येताना मी मनातल्या मनात बाणेरचा फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी देऊनसुद्धा टाकला.

दुसऱ्या दिवशी हलवा आणला, चांगला दोन तळव्यांएवढा. सुरी ओट्यावर ठेवली. (हातात दिली नाही. सुरी हातातून हातात दिली की भांडण होतं हे तुमच्या आईचं शास्त्र कुमुद अजून पाळते. आमची भांडणं सुरीशिवाय व्यवस्थित होतात तो भाग वेगळा.) तिने उचलली. आणि मग मी जे पाहिलं ते मला कुठल्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. तिने उजव्या हातात सुरी धरली, मूठ फळीवर टेकवली, पातं उभं केलं, आणि डाव्या हाताने हलवा उचलून त्या पात्यावर ढकलायला लागली. सुरी जागेवर, मासा फिरतोय. चाळीस वर्षं विळीवर काढलेली बाई दुसरं काय करणार? पातं जागच्या जागी असतं आणि मासा आपण फिरवायचा असतो, ही तिच्या हातांची समजूत. पण विळीवर दोन्ही हात माशाला असतात. इथे एक हात सुरीतच अडकलेला, मग मासा निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मी म्हटलं, अगं, मासा खाली ठेव आणि सुरी फिरव. तिने तसंही करून पाहिलं. माझ्या समाधानासाठी, असं वाटलं मला. तुकडी वाकडी आली, गाबोळी फुटली. पिवळे दाणे सगळ्या फळीवर पसरले.

तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले, स्टुलावर बसली आणि म्हणाली, “जाऊ द्या. शार्दूलला कळवा, येतो म्हणून.”

दादा, ऑपरेशनच्या दिवशी ती थट्टा करत आत गेली होती. त्या स्टुलावर मात्र ती फार थकलेली दिसली. पुण्याचं, उरणच्या मासळीचं, माझ्या फिरायच्या माणसांचं, सगळं एका बाजूला राहिलं. हिला काय करून देऊ म्हणजे ही पुन्हा नेहमीसारखी बोलेल, एवढंच डोक्यात होतं. मी आवराआवर करायला लागलो. फळी पुसायची म्हणून सुरी उचलली, मूठ ओट्यावर टेकवून पातं वर धरलं आणि दुसऱ्या हाताने फळी पुसायला लागलो. तेवढ्यात ती म्हणाली, थांबा. मी थांबलो. म्हणाली, तशीच धरा, दोन्ही हातांनी, धार माझ्याकडे. मी धरली. ती उठली, हलवा दोन्ही हातांत घेतला, पात्याला लावला, आणि खर्रकन पहिली तुकडी पडली. सारखी, पातळ, रेवदंड्याची.

तर दादा, तुम्हाला कळवायला आनंद होतो, की आपल्या घरची नवी विळी मी आहे.

काम वाटतं तितकं सोपं नाही. कोपरं ओट्यावर रोवायची, दोन्ही मुठी एकीवर एक, पातं सरळ उभं, आणि हलायचं नाही. बोलायचं नाही, कारण बोललं की हात हलतो. नाकाला खाज आली तर ती तशीच येऊन जाऊ द्यायची. पर कापताना थोडं तिरपं, डोकं काढताना सरळ, पोट साफ करताना किंचित मागे, हे ती मानेनेच सांगते. पहिल्या दिवशी मी तीन वेळा बोलणी खाल्ली. आता फक्त शिंक आली तर अडचण होते. पहिली विळी शिंकत नव्हती, असं ती सारखं ऐकवते. बांगडे झाले, पापलेटं झाली, परवा बोंबीलसुद्धा झाले. आणि ती बोलते, दादा. मला बोलायची बंदी असल्यामुळे तीच बोलते, बरंच काही, रेवदंड्याचं, तुमच्या लहानपणाचं. तुम्ही शाळा चुकवून खाडीत पोहायला गेल्याचं मला या वयात कळलं.

आणि बोंबलांच्याच दिवशी शार्दूलचा व्हिडिओ कॉल आला. फोन डब्याला टेकवलेला होता, कुमुदने करंगळीने घेतला. त्याला आई उभी राहून सपासप बोंबील कापताना दिसली. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, आई, तू खरंच उभ्याने करतेस? ती म्हणाली, बघतोयस ना. मग त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही तिथे काय करताय?” मी म्हटलं, उभा आहे. यात खोटं काही नव्हतं. तर आता तो आणि प्रांजल येत्या रविवारी प्रत्यक्ष बघायला येत आहेत. फ्लॅटचा निर्णय तेव्हा.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार. तुमचा सल्ला मुळात बरोबर होता, फक्त नॉर्वेच्या बायकांना नवरे कुठे उभे करावे लागतात ते तुम्ही नीट पाहिलं नसावं.

तुमचा,
बाळू

ता. क. — खरं काम आता लिहितो. रविवारी तुम्ही सकाळच्या गाडीने यायलाच हवं. शार्दूलने मला सुरी धरून उभा पाहिलं तर तो म्हणेल की एका माशाला दोन माणसं लागतात, म्हणजे दोघांनाही एकटं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही. तुम्ही हॉलमध्ये बसून तुमच्या बोटीवरच्या गोष्टी सुरू कराव्यात. त्या सुरू झाल्यावर या घरातून आजवर कोणी मधूनच उठू शकलेलं नाही, मी स्वतः किती प्रयत्न केले आहेत. सुरमई आणणार आहे, कापायला वेळ लागेल, त्यामुळे सुएझ कालव्यापासून सुरुवात केलीत तर बरं. कुमुदला यातलं काही बोलू नका. तिला लपवाछपवी आवडत नाही.

आणखी एक ता. क. — येताना स्वतःची सुरी आणू नका.

—

दादा, मी कुमुद. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच भाताची शितं मागितली. मी म्हटलं ठेवा, मी चिकटवते, आणि वाचलं.

शार्दूलला सगळं ठाऊक आहे. त्याला त्या दिवशी फोनवर ह्यांच्या मुठी दिसत होत्याच. रात्री त्याने मला वेगळा फोन केला. आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, आई, फ्लॅट नको म्हणून मी मालकाला कळवतो, तुम्ही तिथेच राहा. रविवारी तो नुसता जेवायला येतोय. प्रांजलने सुरमई सांगितली आहे.

आणि मासा म्हणशील तर दादा, शशिकलाने कापून दिलेला मी खाल्लाही असता. आता काय वाईट कापते ती. पण लग्न झाल्यापासून हे चहा गाळायलासुद्धा माझ्यासमोर उभे राहिले नव्हते. आता अर्धा-अर्धा तास उभे असतात, हलत नाहीत, मी बोलते ते ऐकतात.

तू ये नक्की, आणि गोष्टी सांगायच्या तेवढ्या सांग. फक्त पुण्याचं रद्द झालंय हे ह्यांना इतक्यात कळू देऊ नकोस. कळलं तर सुरी खाली ठेवतील.